संगणकावरील नोंदवही : एका अपेक्षाभंगाची कारणमीमांसा

शाळेच्या दप्तरांत जनरल रजिस्टराचे स्थान निराळे आहे. हजेरीपत्रक वर्ष सरले की गठ्ठ्यात बांधले जाते, टाचणवही त्या त्या वर्गापुरती असते; जनरल रजिस्टर मात्र कायम जतन करावयाचे असते. ज्याने साठ वर्षांपूर्वी शाळा सोडली, त्याचा नातू एके दिवशी दारात उभा राहतो आणि आजोबांच्या नावाचा उतारा मागतो. त्या उताऱ्यावर जातपडताळणी, प्रवेश, प्रसंगी नोकरीही अवलंबून असते. असे हे रजिस्टर संगणकावर उतरवून घेण्याचा उद्योग आमच्या शाळेने २०१४ साली आरंभिला. त्यातून जे हाती आले व जे आले नाही, त्याची कारणे शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हल्ली 'सरल' आणि 'यु-डायस प्लस' यांवर चालू विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते, त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. जुनी रजिस्टरे आपल्या संगणकावर, आपल्या हाताने उतरवू पाहणाऱ्यांसाठी हे लिखाण आहे.

आमची शाळा नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील, जिल्हा लोकल बोर्डाच्या काळापासूनची. गावातील निम्मी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. शाळेत जनरल रजिस्टराचे सहा खंड होते. पैकी पहिल्या दोहोंतील काही पाने मोडीत. पाने ठिसूळ झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रत्येक उताऱ्यासाठी ती उलटावी लागत, आणि उलटताना दरवेळी एखादा कोपरा हाती येई. अशा स्थितीत, संगणकासोबत मिळालेल्या कार्यालयीन साधनांच्या संचात डेटाबेस तयार करण्याचेही एक साधन आहे, असे आढळले, तेव्हा आनंद वाटला. एकदा भरावे, मग नाव लिहिताच नोंद समोर यावी, दाखला छापून निघावा, असे चित्र मनापुढे उभे राहिले. एक सहकारी गुरुजी, जे आता सेवानिवृत्त आहेत, आणि प्रस्तुत लेखक अशा दोघांनी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या या कामी घातल्या.

डेटाबेस म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांस एक्सेलचा तक्ता परिचित आहे. त्यात कोणत्याही चौकटीत काहीही लिहावे; तारखेच्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहिले तरी तो मुकाट्याने स्वीकारतो. डेटाबेसची रीत याहून कडक आहे. प्रत्येक रकान्यात कोणत्या जातीची माहिती येणार, अक्षरे की अंक की तारीख, हे आधीच ठरवून द्यावे लागते व त्याहून निराळे काही तो आत घेत नाही. शिवाय प्रत्येक ओळीस तिची स्वतःची, दुसऱ्या कोणत्याही ओळीस नसलेली अशी एक ओळख द्यावी लागते. या कल्पनेचा पाया इंग्लंडात जन्मलेले व अमेरिकेत आयबीएम या संस्थेत काम करणारे गणिती एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात घातला. माहिती एकाच लांबलचक तक्त्यात न कोंबता, एकेका विषयाच्या लहान तक्त्यांत विभागावी व ते तक्ते समान ओळखीने परस्परांशी जोडावेत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. कल्पना साधी आहे. तिच्याकडे आम्ही केलेले दुर्लक्ष मात्र आम्हांस महागात पडले.

प्रथम ओळखीचाच प्रश्न घेऊ. रजिस्टर क्रमांक हीच मुलाची ओळख, असे आम्ही धरून चाललो, व त्या रकान्यास 'पुनरुक्ती नको' असा नियम घातला. तिसरा खंड भरावयास घेतला, आणि साधनाने पहिलीच नोंद नाकारली. पाहतो तो त्या खंडात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झालेले. कोणा मुख्याध्यापकाने नवे बुक उघडताना नवा आरंभ केला होता. गुरुजींनी तोड काढली, की तिसऱ्या खंडातील क्रमांकांपुढे 'अ' हे अक्षर जोडावे. काम पुढे सरकले. परंतु आता तो रकाना अंकांचा उरला नाही, अक्षरांचा झाला, आणि अक्षरांच्या हिशेबी १०० हा क्रमांक २० च्या आधी येतो. यादी छापली की क्रम विस्कटलेला.

याहून खोल चूक पुढे उघडकीस आली. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील मूल मध्येच नाव कमी करून जाते आणि दोन वर्षांनी परत दाखल होते. तेव्हा त्यास नवा क्रमांक मिळतो. आमच्या तक्त्यात अशी मुले दोनदा, क्वचित तीनदा आली. गावातील किती मुलींनी अमुक दहा वर्षांत चौथी पूर्ण केली, असा प्रश्न साधनास विचारला, तर जी मुलगी तीनदा दाखल झाली ती तीन मुली म्हणून मोजली गेली, आणि दोनदा अर्ध्यावर शाळा सोडणारी म्हणूनही. येथे दोष साधनाचा नव्हता. जनरल रजिस्टर हे वस्तुतः मुलांचे रजिस्टर नसून प्रवेशांचे रजिस्टर आहे, ही गोष्ट आयुष्यभर ते हाताळूनही आमच्या ध्यानी आली नव्हती. कागदावर ती ध्यानी यावयाचे कारणही नव्हते; वाचणारा मनुष्य दोन नोंदी पाहून 'ही तीच मुलगी' असे मनाशी जोडून घेतो. साधनास ते जोडणे आधी सांगावे लागते. मुलांचा एक तक्ता, प्रवेशांचा दुसरा, आणि दुसऱ्यातील प्रत्येक ओळीत पहिल्यातील मुलाची ओळख, अशी रचना आरंभीच केली असती तर हा गोंधळ टळता. पण हजारो ओळी भरून झाल्यावर पाया बदलणे म्हणजे भिंती उभ्या राहिल्यावर ओटा उंच करण्यासारखे आहे.

आता तारखांकडे वळू, कारण जिला हानी म्हणावे ती येथे झाली.

एके दिवशी सहज पाहावे म्हणून जन्मतारखांची यादी काढली, तो अनेक मुलांचा जन्म ६ जानेवारी रोजी झालेला. गावात ६ जानेवारीस असे कोणते नक्षत्र असावे, यावर आम्ही थोडे हसलो. मग उलगडा झाला. आपल्याकडे जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे १ जून लिहिण्याची जुनी चाल आहे. शाळा जूनमध्ये उघडणार, मुलाचे वय त्या दिवशी पुरे व्हावे, म्हणून हेडमास्तरांनी ती तारीख घातली, आणि महाराष्ट्रात एक मोठी पिढी कागदोपत्री १ जूनलाच जन्मास आली. आमचा संगणक विक्रेत्याकडून आला तो अमेरिकन मांडणीचा, म्हणजे आधी महिना व मग दिवस. आम्ही भरले '१/६'. त्याने वाचले पहिल्या महिन्याची सहा तारीख.

एवढेच असते तर सर्वच तारखा उलट करून भागले असते. परंतु साधनाची एक 'समजूतदार' खोड होती. '१९/६' असे लिहिले, तर एकोणिसावा महिना नसल्याने ते आपण होऊन अर्थ फिरवी व १९ जून अशी बरोबर तारीख ठेवी. हूं की चूं करीत नसे. परिणामी एकाच रकान्यात काही तारखा सुलट व काही उलट, आणि कोणत्या उलट हे पाहून कळावयास मार्ग नाही. हिशेब मांडण्यासारखा आहे, वाटल्यास सातवीच्या वर्गासही घालावा. दिवस व महिना दोन्ही बारा किंवा त्याहून कमी असतील अशा तारखा वर्षात १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यांतून १/१, २/२ अशा बारा वजा करा, कारण त्या उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातील १३२ दिवशी जन्मलेल्या प्रत्येक मुलाची तारीख चुकली होती, व उरलेल्यांची बरोबर होती. सर्वच चुकले असते तर पहिल्या दिवशी लक्षात आले असते. बरेचसे बरोबर होते, म्हणून वर्षभर लक्षात आले नाही.

वर्षाच्या आकड्यांतही असाच सापळा होता. जुन्या रजिस्टरांत १९-६-२८ असे दोन आकडी वर्ष लिहिलेले असे, व आम्हीही तसेच भरीत गेलो. त्या संगणकाचा ठराव असा, की ०० ते २९ हे आकडे आले तर ती २००० नंतरची वर्षे समजावीत, आणि ३० ते ९९ आले तर १९०० नंतरची. आज जन्मणाऱ्यांच्या सोयीसाठी तो ठराव योग्यच म्हणावा लागेल. परंतु १९२८ साली जन्मलेला मुलगा आमच्या तक्त्यात २०२८ साली जन्मावयाचा होता. पडद्यावर मात्र वर्षाचे दोनच आकडे दिसत, २८. डोळ्यांस काही खटकले नाही.

वर सांगितलेल्या १ जूनविषयी आणखी एक बोल. कित्येक जुन्या नोंदींत तारीखच नव्हती. 'वय सुमारे ७' एवढेच होते. साधनाचा तारखेचा रकाना 'सुमारे' हा शब्द घेत नाही. पूर्ण तारीख द्या किंवा रकाना रिकामा सोडा, एवढेच दोन मार्ग. रिकामे ठेवणे गुरुजींच्या जिवावर आले. त्यांनी वर्ष काढून १ जून भरले. अशा रीतीने जो अंदाज होता तो निश्चित तारखेच्या वेषात पुढे आला, आणि त्या तक्त्यावरून निघालेल्या कागदावर तो अंदाज होता याची खूण कोठेच राहिली नाही. कागदावरच्या रजिस्टरात 'सुमारे' लिहिता येते, समासात टीप देता येते, चुकले तर लाल शाईने आडवी रेघ मारून सही करता येते, आणि जुने अक्षर रेघेखाली वाचताही येते. मूळ नोंदीत मन मानेल तशी खाडाखोड करण्याची मुभा आपणांस नाही, याचे कारण हेच. आमच्या साधनात मात्र जुन्या अक्षरांवर नवी टंकली की जुनी कायमची गेली. कोणी बदलले, केव्हा बदलले, पूर्वी काय होते, यांतले काहीही शिल्लक राहत नसे. असा इतिहास ठेवण्याची व्यवस्था करता येते, पण ती आपली आपण बांधावी लागते. न मागता मिळत नाही.

या बाबतीत जुन्या काळचे एक साधन अधिक सावध होते, असे म्हणावेसे वाटते. वैयक्तिक संगणकांवर डेटाबेस लोकप्रिय करणारे पहिले मोठे नाव 'डीबेस' हे होय. अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणारे वेन रॅटलिफ यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते 'व्हल्कन' या नावाने लिहिले. पुढे ॲश्टन-टेट कंपनीने 'डीबेस टू' म्हणून ते विकावयास आणले. 'वन' असे काही कधी नव्हतेच, दुसरी आवृत्ती म्हटले की माल मुरलेला वाटतो, एवढेच त्यातले रहस्य. या डीबेसमध्ये नोंद काढून टाका म्हटले तरी ती लगेच पुसली जात नसे; तिच्या आरंभी तारकेची खूण होई, आणि 'पॅक' ही निराळी आज्ञा दिल्यावरच ती खरोखर नाहीशी होई. आपल्या आडव्या रेघेचीच ही रीत. पण त्याच कंपनीने १९८८ साली 'डीबेस फोर' बाजारात आणले, तेव्हा ते इतके दोषपूर्ण निघाले की ज्यांचा व्यवसायच त्यावर होता ते प्रोग्रामकारही हताश झाले. सुधारलेली आवृत्ती यावयास १९९० उजाडले. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळले होते, आणि १९९१ साली ती कंपनी बोरलँडने विकत घेतली. डेटाबेसच्या साधनाने निराश केलेले आम्ही पहिले नव्हतो, एवढ्यापुरताच हा दाखला.

साधनाकडे ज्यांचा दोष निःसंशय जातो अशा गोष्टीही होत्या. त्या थोडक्यात सांगतो. सर्व तक्ते, फॉर्म व अहवाल एकाच फाइलीत असत. एके दुपारी नोंद भरत असता वीज गेली, व दुसऱ्या दिवशी 'फाइलीचे स्वरूप ओळखता येत नाही' अशा अर्थाचा संदेश आला. दुरुस्तीची सोय होती, तिने बरेचसे परत मिळाले, काही ओळींत मात्र निरर्थक चिन्हे भरलेली होती. फाइलीची दुसरी प्रत पंधरा दिवसांपूर्वीची. तेव्हापासून दररोज प्रत घेण्याचा नेम केला. आवृत्त्यांचाही प्रश्न आहेच. मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्सेस'चे उदाहरण सर्वज्ञात आहे : १९९७ च्या आवृत्तीत केलेल्या फाइली त्याच्याच २०१३ च्या आवृत्तीत उघडेनाशा झाल्या. म्हणजे सोळा वर्षे. आमचा पहिला खंड ऐंशी वर्षांनंतरही उघडत होता. कोपरा हाती येई, ही गोष्ट निराळी.

आता अक्षरांविषयी. देवनागरीतील नावे संगणकात कशी साठतात, हे शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे, कारण या खोडीचा अनुभव कोणत्याही साधनात येऊ शकतो. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार प्रत्येक अक्षरास व चिन्हास एक क्रमांक दिलेला असतो, आणि विशेष व्यवस्था न केल्यास साधन नावांची तुलना व अनुक्रम या क्रमांकांवरून लावते. त्यात 'ळ' हे 'ल'च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर नाही. 'क्ष' व 'ज्ञ' ही तर स्वतंत्र अक्षरेच नाहीत. 'क'चा पाय मोडून पुढे 'ष', 'ज'चा पाय मोडून पुढे 'ञ'. म्हणून ज्ञानेश्वर हे नाव यादीच्या शेवटी न सापडता 'जौ'नंतर सापडते. हे समजले की पुढे अडत नाही.

अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातील 'ऱ्ह' दोन प्रकारांनी टंकता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला जो स्वतंत्र 'ऱ' आहे, तो घेऊन त्याचा पाय मोडावयाचा व पुढे 'ह' लिहावयाचा. दुसऱ्या प्रकारात साधा 'र' घ्यावयाचा, पाय मोडावयाचा, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग 'ह'. पडद्यावर व कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. भिंग घेऊन बसले तरी भेद दिसावयाचा नाही. संगणकाच्या पोटात मात्र क्रमांक निरनिराळे, म्हणून आमच्या साधनाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी आडनावे. गुरुजी इनस्क्रिप्ट कळफलक वापरीत, प्रस्तुत लेखक उच्चारानुसार टंकण्याची सोय वापरी. दोघांच्या हातून दोन प्रकार उमटले. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' असलेली गावातील झाडून सारी नावे अशी दुभंगली, आणि त्याची आम्हांस वार्ता नव्हती.

२०१९ च्या जुलै महिन्यात एक तरुण पुण्याहून आला. वडील लहानपणीच गाव सोडून गेलेले. आजोबा आमच्या शाळेत शिकलेले, एवढे घरी सांगतात. आडनाव कुऱ्हाडे असे समजू. इतर मागासवर्गाच्या दाव्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या प्रवेशाची नोंद हा त्याच्यापाशी एकमेव मार्ग होता. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची मुदत जवळ आलेली. लेखकाने संगणक उघडला, आडनाव टंकले. काही आले नाही. मनात आले, आडनाव निराळे लिहिले गेले असावे. म्हणून १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी जन्मलेल्या सर्वांची यादी मागवली व त्यात आजोबांचे पहिले नाव शोधले. तेथेही नाही. दोन वाटांनी शोधले, दोन्हींचे उत्तर एकच, तेव्हा शंकेस जागा उरली नाही असे वाटले. जुनी रजिस्टरे माळ्यावरील पेटीत होती, बाहेर पाऊस होता, आणि ती हाताळावी लागू नयेत म्हणूनच तर हा सर्व खटाटोप केला होता. शाळेच्या अभिलेखात अशी नोंद आढळून येत नाही, असे पत्र लेखकाने सही-शिक्क्यानिशी दिले. तरुणाने ते दोनदा वाचले, घडी घातली, आणि तो एसटीच्या वेळेस निघून गेला.

नऊ दिवसांनी गुरुजी सहज शाळेत आले असता बोलण्यात हा विषय निघाला. ते म्हणाले, "मास्तर, ते नाव मी स्वतः भरलंय. त्या पानावर शाईचा मोठा डाग आहे, म्हणून ध्यानात राहिलं." पेटी उतरवली. पहिला खंड, डागाचे पान, त्याखाली स्वच्छ बाळबोध अक्षरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख १९-६-२८, दाखल १९३५. मग संगणकात क्रमांकावरून ती ओळ काढली. होती, जशीच्या तशी होती. आडनावातील 'ऱ्ह' गुरुजींच्या कळफलकाचा, शोधताना लिहिलेला लेखकाच्या. आणि जन्मवर्ष २०२८, म्हणून १९६७ पूर्वीच्या यादीतून वगळलेले. दोन वाटा स्वतंत्र असल्याचा जो भरवसा वाटला होता तो व्यर्थ होता. दोन्ही वाटांवर एकेक खड्डा आम्हीच खणून ठेवला होता.

त्यानंतर शाळेत जी पद्धत आम्ही पाडली ती येथे नमूद करतो. कोणास उपयोगी पडल्यास बरे. प्रथम सर्व पानांची छायाचित्रे काढून खंड व पान यांच्या क्रमांकाने ठेवली. मोडी पानांचीही काढली, ती वाचणारा मिळेल तेव्हा मिळेल. तक्त्यात प्रत्येक ओळीस खंड व पान हे दोन रकाने जोडले, जेणेकरून कोणतीही नोंद मूळ पानाशी ताडता यावी. ओळख म्हणून साधनाने आपण होऊन दिलेला क्रमांक घेतला; रजिस्टर क्रमांक हा केवळ माहितीचा रकाना राहिला. जन्मतारखेचे दोन रकाने केले : एकात रजिस्टरात जसे आहे तसे शब्दशः, 'वय सुमारे ७' असल्यास तेच, दुसऱ्यात चार आकडी वर्षासह तारीख, आणि ती निश्चित नसेल तर रिकामी. प्रवेशाच्या वेळी वय चार वर्षांहून कमी किंवा वीस वर्षांहून अधिक निघत असेल तर नोंद स्वीकारू नये, असा नियम घातला. हा एक नियम आरंभी असता तर २०२८ पहिल्याच दिवशी सापडते. नावांसाठी शोधापुरता एक जादा रकाना केला, ज्यात 'ऱ्' चा साधा 'र्' होतो, अदृश्य चिन्हे गळतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद मिटतो. शोध त्यात घ्यावयाचा, छापावयाचे मात्र मूळ नाव. महिन्यातून एकदा सर्व तक्ते साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून दोन ठिकाणी ठेवतो, कारण साध्या मजकुराची फाईल कोणत्याही साधनात उघडते. जुन्या नोंदी दुरुस्त करण्यात तिसरी उन्हाळी सुट्टी गेली. मुलांचा व प्रवेशांचा तक्ता निराळा करण्याचे काम मात्र अद्याप अर्धेच झाले आहे. तीच मुलगी कोणती, हे जुन्या माणसांना विचारून ठरवावे लागते, आणि जुनी माणसे कमी होत आहेत.

नोंद सापडली असे संगणक म्हणाला, तर मूळ पान उघडून उतारा देतो. सापडली नाही असे म्हणाला, तर पेटी उतरवतो.

तरुणास दूरध्वनीवरून कळविले. उतारा घ्यावयास तो दुसऱ्या दिवशी आला. प्रवेशाच्या पहिल्या फेरीची मुदत टळली होती. पुढील फेरीत त्यास मनातले नव्हे, दुसरे कॉलेज मिळाले, असे मागाहून समजले. त्याने शाळेस दोष दिला नाही. आजोबांचे नाव असलेले पान पाहावयास मिळेल का, एवढेच विचारले, व डागाच्या कडेला बोट न लावता ते बराच वेळ पाहत उभा राहिला. आधीचे पत्र त्याने परत दिले. ते रद्द केल्याची नोंद जावक बारनिशीत लाल शाईने केलेली आहे, आणि मूळ ओळ तिच्याखाली वाचता येते.